उसातला बिबट्या काय खातो: विष्ठेवरून आहार काढण्याची रीत

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, सिन्नर, दिंडोरीच्या पट्ट्यात बिबट्याच्या खाण्याचा हिशोब बहुतेक वेळा पंचनाम्यांवरून मांडतात, आणि तिथेच तो फसतो. शेळी, वासरू गेलं की भरपाई मिळते, म्हणून पंचनामा होतो. वस्तीवरचं कुत्रं गेलं तर कागद कोण करतो? शेजारच्या अकोले तालुक्यात विष्ठा तपासून झालेल्या अभ्यासात बिबट्याने खाल्लेल्या मांसापैकी ८७ टक्के पाळीव जनावरांचं होतं आणि एकट्या कुत्र्याचा वाटा ३९ टक्के निघाला. शेळ्या तिथे कुत्र्यांच्या सातपट असूनही ११ टक्क्यांवरच राहिल्या. हे आकडे कागदपत्रांत कधीच सापडले नसते, ते चाळणीत सापडले.

आधी परवानगी. बिबट्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे नुसती विष्ठा उचलायची असली तरी मुख्य वन्यजीव रक्षकांच्या नागपूर कार्यालयाची लेखी परवानगी घ्यावी. शिवार नाशिक पूर्व वनविभागात येतं की पश्चिम, ते पाहून त्या कार्यालयालाही प्रत द्या. खासगी मळ्यात मालकाला विचारल्याशिवाय पाय ठेवू नका. "दादा, बांधाने जाऊ का?" एवढं विचारलं की बहुतेक जण स्वतःच पुढे होऊन जागा दाखवतात. रात्रीच्या विजेवर पाणी भरणाऱ्यांना बिबट्याची वाट आपल्यापेक्षा चांगली ठाऊक असते.

उभ्या उसात शिरायचं नाही. विष्ठा तिथे शोधून सापडतही नाही. बिबट्या चालायला मोकळी वाट पसंत करतो: पाटाच्या चारीलगतची गाडीवाट, दोन फडांमधला बांध, कोरड्या नाल्याचं पात्र. वाटेच्या मधोमध किंवा वाटा फुटतात तिथे विष्ठा टाकणं ही त्याची खूण करण्याची पद्धत आहे, शेजारी मागच्या पायांनी ओढलेली खरवडही पुष्कळदा दिसते. ऊन चांगलं वर आल्यावर, दोघांनी मिळून, बोलत चाला. ऊसतोडीत पिल्लं दिसली तर हात न लावता मागे फिरा आणि वनरक्षकाला कळवा.

हंगाम डिसेंबर ते मे. पावसाळ्यात पाणी आणि शेणकिडे मिळून विष्ठेचा दोन दिवसांत चुरा करतात. पहिल्या फेरीत ठरलेल्या वाटांवरची जुनी-नवी सगळी विष्ठा उचलून वाट साफ करा. पुढच्या फेऱ्या दर पंधरा दिवसांनी केल्या म्हणजे कुठली विष्ठा कुठल्या पंधरवड्यातली ते सांगता येतं. पुढच्या फेऱ्यांत मात्र प्रत्येक ढिगाचा थोडा भाग जागेवरच राहू द्या. ती त्याची खूण आहे, पूर्ण पुसू नये.

खरी अडचण ओळखीची. बिबट्याची विष्ठा साधारण २ ते ३ सेंटिमीटर जाडीची, तुकड्यातुकड्यांची, टोकाला निमुळती, केसांनी भरलेली. कुत्र्याच्या विष्ठेत भाकरी, धान्य, प्लास्टिक निघतं. कोल्ह्याची बारीक असते आणि हंगामात बोराच्या बिया दाखवते. तरसाची हाडांच्या चुन्यामुळे पांढरी पडते. रानमांजराची बिबट्यासारख्याच घडणीची पण बारीक असते, त्यामुळे २ सेंटिमीटरखालचा नमुना शंकास्पद म्हणून वेगळा ठेवा. निव्वळ जाडीवर विसंबू नका, पिल्लाची आणि मादीची विष्ठाही बारीक असते. शेजारी ठसा किंवा खरवड असेल तर नोंदवा. पैसे असतील तर डीएनए करा. त्यासाठी विष्ठेच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून मटाराएवढा तुकडा खरवडून ९५ टक्क्यांहून तीव्र इथेनॉलमध्ये बुडवायचा, कारण आतड्याच्या पेशी बाहेरच्या थरावर चिकटलेल्या असतात. हे काम उचलतानाच उरकायचं. नमुना तापवल्या-धुतल्यावर उपयोग नाही.

नमुना कागदी पिशवीत भरा. प्लास्टिकमध्ये ओलावा अडकतो आणि दोन दिवसांत बुरशी केसांवर चढते. पिशवीवर पेन्सिलने क्रमांक, तारीख, जीपीएस, जाडी, जागा लिहा. शाईचं पेन नको, इथेनॉल सांडलं की अक्षरं वाहून जातात. हातमोजे आणि मास्क हे दोन्ही शेवटपर्यंत. मांसभक्षकाच्या विष्ठेत जंतांची अंडी असतात आणि सुका गोळा फोडताना उडणारी धूळ नाकात जाते. ओव्हनमध्ये ६० ते ७० अंशांवर २४ ते ४८ तास, वजन स्थिर होईपर्यंत सुकवा, पण म्हणून मास्क काढू नका. घरच्या स्वयंपाकाचा ओव्हन यासाठी वापरण्याचा विचारही नको.

सुकलेला नमुना कोमट पाण्यात, थोडी धुण्याची पावडर घालून रात्रभर भिजवा. सकाळी १ मिलिमीटरच्या चाळणीवर, खाली अर्ध्या मिलिमीटरची दुसरी ठेवून, मंद धारेखाली धुवा. जोराची धार सोडली तर उंदराचे दात आणि बारीक नखं खालच्या चाळणीतूनही निसटतात. उरलेल्या मालात केस, हाडांचे तुकडे, खुरं, नखं, पिसं, गवत वेगळं करा. खूर किंवा दात मिळाला तर ओळख लगेच पटते. बाकी सगळा भार केसांवर.

प्रत्येक नमुन्याचे सुकलेले केस ट्रेमध्ये पसरा, खाली चौकटी आखलेला कागद ठेवा आणि निरनिराळ्या चौकटींतून किमान २० केस उचला. डोळ्यांत भरणारे लांब केस वेचण्याचा मोह होतो. तसं केलं की शेळी जास्त मोजली जाते आणि उंदीर-घुशी गायब होतात. काचपट्टीवर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर द्या, एक-दोन मिनिटं थांबा, केस ठेवा आणि पूर्ण वाळल्यावर उपटा. खवल्यांचा ठसा मागे राहतो. थर फार ओला असेल तर केस बुडतो, फार सुकला असेल तर ठसाच उमटत नाही. आतला गाभा पाहायला केसाचे दोन-तीन तुकडे करून झायलिन या द्रावकात बुडवा. अखंड केसात हवा अडकून गाभा नुसता काळा दिसतो, कापलेल्या टोकातून द्रव आत शिरला की पेशींची रचना उघडी पडते. मग डीपीएक्समध्ये (काचपट्टीवर नमुना पक्का बसवणारा पारदर्शक चिकट द्रव) बसवून १०० आणि ४०० पट मोठं करून पाहा. झायलिनचं काम खिडकी उघडी ठेवून.

सशाच्या केसात मक्याच्या कणसासारख्या दाण्यांच्या शेजारशेजार ओळी दिसतात. हरणवर्गात जाळीदार गाभा जवळजवळ पूर्ण रुंदी व्यापतो. डुकराचा राठ केस टोकाला फाटलेला असतो. मेंढीची लोकर कुरळेपणावरून कळते. कुत्रा आणि कोल्हा मात्र एकमेकांत मिसळतात. खात्री नसेल तर 'श्वानवर्ग' असंच लिहा, गाय-म्हैस ठरत नसेल तर 'मोठी गुरं'. आणि अंग चाटताना गिळलेले बिबट्याचे स्वतःचे केस हमखास निघतात, ते वगळायचे.

या सगळ्यासाठी संदर्भसंच आधी तयार हवा. गावातल्याच कुत्रा, मांजर, शेळी, मेंढी, गाय, म्हैस, डुक्कर यांच्या मान, खांदा, पाठ, पोट आणि शेपटीवरचे केस घ्या. एकाच जनावराच्या पाठीचा आणि पोटाचा केस वेगळा दिसतो, हे संच नसलेल्यांना फार उशिरा कळतं. रानटी प्राण्यांचे केस एखाद्या संशोधन संस्थेच्या संग्रहातूनच पाहा.

आता हिशोब. किती विष्ठांत कोणता प्राणी आला हे मोजणं सोपं, पण फसवं. लहान प्राण्यात मांसाच्या मानाने केस-हाडं जास्त, म्हणून तो जास्त दिसतो. यावर १९८४ मध्ये प्यूमावरून (अमेरिकेतलं मोठं मांजर) काढलेलं सूत्र वापरतात: Y = १.९८० + ०.०३५X. X म्हणजे भक्ष्याचं सरासरी वजन किलोत, Y म्हणजे एका विष्ठेमागे खाल्लेलं मांस. समजा १० विष्ठांत १८ किलोचा कुत्रा आणि १० विष्ठांत ६० किलोचं वासरू निघालं. कुत्र्याचा Y २.६१, म्हणजे २६.१ किलो, वासराचा ४.०८, म्हणजे ४०.८ किलो. मांस वासराचं जास्त, पण एका जनावराच्या वजनाने भागलं तर कुत्री १.४५ आणि वासरं ०.६८. म्हणजे मारलेल्यांत कुत्री दुपटीहून जास्त. कोणता आकडा सांगतोय ते प्रत्येक वेळी लिहा. दोन किलोखालच्या भक्ष्याला हे सूत्र लावू नका, तिथे अख्खा प्राणी खाल्ला असं धरतात.

नमुने किती? संचयी आलेख काढा, म्हणजे नमुने वाढत जातात तसे एकूण किती प्रकारचे प्राणी सापडले ते मांडा. नवा नमुना धुतला तरी नवा प्राणी वाढेनासा झाला की पुरे.

या रीतीला मर्यादाही आहेत. कोंबडीखान्यामागे टाकलेला कचरा खाल्ला तर विष्ठेत जेमतेम चार पिसं येतात. मऊ मांस मागे काही ठेवत नाही. शिवाय जनावर मारलं की मेलेलं ओढलं, हे केस सांगत नाही. म्हणून अहवालात 'शिकार' न लिहिता 'आहार' लिहा, आणि परिसरात मेलेली जनावरं व पोल्ट्रीचा कचरा कुठे टाकतात ते नकाशावर मांडून सोबत जोडा.