बाल्साचा ग्लायडर: निवड, तोल आणि उड्डाण

पहिला रेडिओ-नियंत्रित ग्लायडर घ्यायला निघालेल्या माणसाला दोन सल्ले हटकून मिळतात. पहिला असा, की बाल्साच्या, म्हणजे त्या अतिहलक्या लाकडाच्या, नादी लागू नये, फोमचे मॉडेल घ्यावे. आणि दुसरा असा, की नाकात शिसे थोडे जास्तच ठेवावे, म्हणजे विमान सुरक्षित राहते. पहिल्या सल्ल्याशी माझे भांडण नाही, कारण फोमचे मॉडेल आपटले तरी चिकटवून संध्याकाळी पुन्हा उडवता येते. परंतु फासळ्यांवर ताणलेल्या पारदर्शक फिल्ममधून ऊन झिरपताना ज्याला पाहायचे आहे, आणि इंजिनाशिवाय दहा-दहा मिनिटे हवेत राहणारे विमान ज्याला स्वतःच्या हाताने जोडायचे आहे, त्याने बाल्साच घ्यावा. दुसरा सल्ला मात्र चुकीचा आहे. तो मानून मी एक अख्खा हिवाळा वाया घालवला आहे, आणि म्हणूनच या लेखाचा मोठा भाग मी तोलासाठी राखून ठेवला आहे.

निवडीच्या बाबतीत तीन गोष्टींवर ठाम राहावे: पंखांचा विस्तार सुमारे दोन मीटर असावा, पंख टोकांकडे दोन टप्प्यांत वर उचललेला असावा, आणि नियंत्रणे रडर (डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीची उभी झडप) व एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी आडवी झडप) अशी दोनच असावीत. अमेरिकेतील कार्ल गोल्डबर्ग मॉडेल्सचे ‘जेंटल लेडी’ हे या घडणीचे उत्तम उदाहरण आहे. त्याचा विस्तार ७८.२५ इंच, म्हणजे दोन मीटरला जेमतेम कमी आहे, पंखाचा तळ सपाट आहे, आणि नीट बांधले तर त्याचे वजन रेडिओसह ७०० ते ८०० ग्रॅममध्ये बसते. इतक्या हलक्या मॉडेलची चाल संथ असते, त्यामुळे चूक झाल्यावर ती ओळखून सावरण्यापुरता वेळ मिळतो. रडर दिल्यावर विमान आधी बाजूला वळते, मग बाहेरच्या बाजूचा उचललेला पंख हवेला जास्त कोनात भेटून वर जातो आणि विमान वळणात कलते. हातातल्या ट्रान्समीटरची काठी सोडली की हाच उचललेला पंख त्याला पुन्हा सरळ करतो. एलेरॉन, म्हणजे कलवण्यासाठी पंखांवरच बसवलेल्या झडपा, असलेले मॉडेल ही मेहेरबानी करत नाही, म्हणून ते पहिले मॉडेल म्हणून घेऊ नये. ली रेनॉ यांचे अडीच मीटरचे ‘ऑलिंपिक २’ आणि डेव्ह थॉर्नबर्ग यांचे तीन मीटरचे ‘बर्ड ऑफ टाइम’ ही दोन्ही मॉडेले फार देखणी आहेत, पण ती दुसऱ्या-तिसऱ्या वेळेसाठी ठेवावीत.

किट घेणार असाल तर लेझरने कापलेले घ्यावे आणि शेपटीसाठी दिलेला बाल्सा आधी तराजूवर टाकावा. तीन मिलिमीटर जाडीची, १० सेंटिमीटर रुंद आणि एक मीटर लांब पट्टी ३० ते ३५ ग्रॅम भरली तर ती शेपटीला योग्य आहे. ५० ग्रॅम भरली तर ती दुसऱ्या कामाला ठेवून हलकी पट्टी मिळवावी. शेपूट सीजीपासून, म्हणजे विमान जिथे तोलले जाते त्या गुरुत्वमध्यापासून, जितकी लांब असते त्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर नाक असते, त्यामुळे मागे वाढलेल्या प्रत्येक १० ग्रॅमसाठी पुढे वीस-पंचवीस ग्रॅम शिसे घालावे लागते. जुने मॉडेल विकत घेताना शेपटीजवळच्या दुरुस्त्या आणि पंखाचा मधला जोड याच दोन जागा निरखाव्यात.

जोडणीविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. बांधणीच्या नकाशावर मेणकागद पसरावा, डिंक कमी वापरावा, आणि फिल्म लावताना खालची बाजू गडद व वरची लाल किंवा नारिंगी ठेवावी, कारण पांढरे किंवा आकाशी मॉडेल दोनशे मीटरवर दिसेनासे होते. फिल्म चढवून झाल्यावर पंख मागून डोळ्यासमोर धरून पाहावा. दोन्ही टोकांची मागची कड सारखीच, दोन-तीन मिलिमीटर वर उचललेली असावी. एक टोक वर आणि दुसरे खाली असेल, तर खाली गेलेल्या बाजूला उलटा पीळ देऊन इस्त्री फिरवावी आणि फिल्म गार होईपर्यंत पीळ सोडू नये. हे काम दोघांनी करावे.

आता तोल. पुस्तिकेत सीजीची खूण दिलेली असते आणि सुरुवात तिथूनच करावी. ती नसेल, तर पंखाच्या सरासरी रुंदीच्या एक तृतीयांशावर, म्हणजे २१ सेंटिमीटर रुंदीच्या पंखाला पुढच्या कडेपासून सात सेंटिमीटरवर, खालच्या बाजूला पेन्सिलीने रेघ मारावी. बॅटरी, रिसीव्हर, पंख बांधायचे रबर असे सगळे जागेवर बसवून विमान त्या रेघेवर दोन बोटांवर उचलावे आणि ते आडवे राहीपर्यंत नाकात शिसे घालावे. मासेमारीच्या दुकानात मिळणारे शिशाचे लहान तुकडे यासाठी उत्तम, कारण ते एकेक करून काढता येतात. शिसे पहिल्याच दिवशी इपॉक्सीने पक्के करू नये. तसेच नाक आणि शेपूट धरून विमान अधांतरी ठेवावे. ज्या बाजूचा पंख सतत खाली जातो, त्याच्या विरुद्ध टोकात एक बारीक खिळा खुपसावा.

इथपर्यंत सगळे सोपे आहे, आणि इथूनच माझी चूक सुरू झाली. माझे पहिले मॉडेल हातातून सुटले की नाक वर करायचे, थबकायचे, खाली डोकावायचे, वेग घ्यायचे आणि पुन्हा नाक वर करायचे. मैदानावरच्या एका अनुभवी गृहस्थांनी सांगितले की शेपूट जड आहे, शिसे वाढवा. मी ते वाढवले. नाक पडू लागले, म्हणून एलिव्हेटरचा ट्रिम, म्हणजे काठी सोडल्यावर झडप जिथे थांबते ती जागा, वर दिला, आणि विमान पुन्हा तसेच लाटा घेऊ लागले, म्हणून आणखी शिसे घातले. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात मी नाकात एकूण ७० ग्रॅम जास्तीचे शिसे भरले होते आणि विमानाचे लाटा घेणे दर आठवड्याला वाढतच होते.

त्यामागचे कारण समजून घेणे आवश्यक आहे. नाक जड असले की ते वर धरून ठेवण्यासाठी शेपटीला हवेचा दाब खालच्या दिशेने लावावा लागतो, म्हणून आपण एलिव्हेटर वर ट्रिम करतो. हा दाब वेगावर अवलंबून असतो. विमान जरा जरी वेगात गेले की शेपूट जास्त दाबली जाते आणि नाक जोराने उठते. वेग संपला की शेपटीचा जोर जातो आणि नाक पडते. म्हणजे लाटा घेणारे विमान शेपूटजड असेलच असे नाही. ते अनेकदा नाकजड आणि वर ट्रिम केलेले असते. त्यात शिसे वाढवणे हे दुखण्यावर दुखणेच चढवणे आहे. शेपूटजड विमान निश्चितच धोकादायक असते, ते काठीच्या किंचित हालचालीवर दचकते आणि नाक कुठे आहे हे सांगत नाही. परंतु नाकजड विमान सुरक्षित असते हा समज त्यामुळे खरा ठरत नाही. असे विमान वेगाने उतरते, थर्मल, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेचा झोत, लागल्याचे कळू देत नाही, आणि वाऱ्याच्या झुळकीसरशी उसळते.

खरी परीक्षा सूर मारून होते, आणि ती चुकवू नये. आधी ट्रिम असा लावावा की काठ्या सोडल्यावर विमान एका संथ चालीने सरळ जाईल. मग किमान ६० मीटर उंचीवर, विमान आपल्यासमोरून आडवे जात असताना, एलिव्हेटरने सुमारे ३० अंशांचा सूर मारावा आणि काठी मध्यावर सोडून मनात तीन अंक मोजावेत. विमान झटकन नाक उचलून वर आले, तर नाक जड आहे: पाच ग्रॅम शिसे काढावे आणि ट्रिम एक-दोन खाच खाली आणावा. सूर आपोआप तीव्र होऊ लागला, तर लगेच हळुवार ओढून सावरावे आणि उतरल्यावर शिसे वाढवावे. बराच वेळ त्याच रेषेत जाऊन ते सावकाश बाहेर येऊ लागले, तर तोल जमला. एका वेळी सीजी दोन-तीन मिलिमीटरहून जास्त हलवू नये, आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा ट्रिम लावूनच पुढची परीक्षा घ्यावी. सूर लांबवू नये. रबरांनी बांधलेल्या बाल्साच्या पंखाला वेगाची हौस सोसत नाही आणि पंख फडफडू लागला तर विमान हातचे जाते.

या परीक्षेला फसवणारी एक गोष्ट आहे, आणि ती मला फार उशिरा कळली. सर्व्होपासून (झडपा हलवणाऱ्या लहान मोटरपासून) शेपटीपर्यंत जाणारी नायलॉनची दांडी धडात मोकळी असेल, तर वेगात हवेच्या रेट्याने ती वाकते आणि एलिव्हेटर जागचा हलतो, त्यामुळे दिसणारे वर्तन सीजीचे नसून त्या दांडीचे असते. हाताने एलिव्हेटर दाबून पाहावा. सर्व्हो न फिरता तो दोन मिलिमीटर हलत असेल, तर दांडीची बाहेरची नळी धडाच्या प्रत्येक आडव्या तुकड्याला चिकटवून घ्यावी. नायलॉन उन्हात लांबतोही, म्हणून सकाळी आठला लावलेला ट्रिम अकरा वाजता चुकतो. तेव्हा शिशाला हात लावू नये, ट्रिमच सरकवावा.

ही परीक्षा उंचीवर होते, पण उंची गाठण्याआधी हातफेक करावी. तासाला दहा किलोमीटरपेक्षा कमी वारा आणि गुडघाभर सुके गवत असलेला माळ शोधावा. जागा ठरवताना डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहावा. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि पुण्यासारख्या शहरांभोवती असे भाग बरेच आहेत. संक्रांतीच्या आसपास मांजा अडकलेल्या झाडांजवळही जाऊ नये. कामशेतच्या डोंगरांवर समोरून येणारा वारा उतारावर आदळून वर चढतो आणि विमान तासन्तास धरून ठेवतो, परंतु तिथे उतरायला खडकच असतात, म्हणून नव्या मॉडेलसाठी सपाट माळच बरा.

वाऱ्याच्या तोंडावर उभे राहून, पंख अगदी आडवे ठेवून, समोर तीस-चाळीस मीटरवरच्या जमिनीतल्या एका बिंदूकडे भाला सोडावा तसे विमान सोडावे. वर फेकू नये. वर फेकलेले विमान थबकते आणि नाकावर आपटते. वीस-पंचवीस मीटर सरळ सरकून ते गवतात बसले की काम झाले. नाक उसळले, तर ट्रिम बदलण्यापूर्वी तीनदा हळू फेकून पाहावे, कारण बहुतेक वेळा फेक जोराची झालेली असते.

उंचीसाठी हाय-स्टार्ट, म्हणजे विमान गोफणीसारखे वर खेचणारा ताणलेला रबरी दोर, वापरावा: ३० मीटर लॅटेक्सची रबरी नळी, १२० मीटर नायलॉनचा दोर, टोकाला लहान हवाई छत्री (पॅराशूट) आणि कडी. खुंटी वारा जिकडून येतो त्या बाजूला पुढे, हातभर खोल ठोकावी, कारण उपटलेली खुंटी रबराबरोबर थेट उडवणाऱ्याकडे येते. स्प्रिंगच्या काट्याने ताण मोजावा. विमानाच्या वजनाच्या तीन-चार पट, म्हणजे अडीच-तीन किलो पुरे. कडी अडकवायचा विमानाच्या पोटाखालचा हूक सीजीच्या साधारण एक सेंटिमीटर पुढे ठेवावा. तो फार मागे गेला, तर विमान एका बाजूला झेपावते. चढताना फक्त रडरने दिशा सांभाळावी आणि पतंग डोक्यावर आल्यासारखे विमान वर थांबले की नाक किंचित खाली करून कडी निसटू द्यावी. रबराला उडवून झाल्यावर शंखजिऱ्याची पूड लावून ते सावलीत ठेवावे.

थर्मल शोधण्यासाठी आपल्याकडे घारींपेक्षा चांगले साधन नाही. हिवाळ्यात साडेदहाच्या पुढे माळावर घार पंख न हलवता गोल घेऊ लागली की तिच्या खाली जावे आणि ती ज्या बाजूने फिरते त्याच बाजूने फिरावे. घार नसेल तर पंखांकडे पाहावे: एक टोक कारणाशिवाय उचलले गेले की थर्मल त्याच बाजूला असतो, आणि वळण त्या उचललेल्या टोकाकडे घ्यावे. तोल जमलेले विमान ही खूण स्पष्ट दाखवते. माझ्या मॉडेलमधून ७० ग्रॅम शिसे निघाले, त्या सकाळी डावे टोक पहिल्यांदा असे उचललेले दिसले, आणि सहा मिनिटे मी काठी फक्त रडरसाठी हलवली. डिजिटल स्कायच्या नकाशावरच्या हिरव्या भागात परवानगीशिवायची मर्यादा सहसा ४०० फूट आहे. ती जवळ आली की थर्मल सोडून बाहेर पडावे, आणि वाऱ्याबरोबर फार लांब वाहत जाऊ नये.

विमान आपल्याकडे येत असताना डावे-उजवे उलटते, तेव्हा जो पंख खाली गेला आहे त्याच्याकडे काठी ढकलावी. अखेरचे वळण दहा मीटरच्या वर पूर्ण करून वाऱ्याच्या तोंडावर सरळ उतरावे.

उतरल्यावर, सीजीची त्या दिवशीची जागा पंखाखाली पेन्सिलीने तारखेसह लिहून ठेवावी, आणि मॉडेल बंद गाडीत उन्हात ठेवू नये, कारण तासाभरात फिल्म सैलावून पंखाला पीळ बसतो.