पहिल्या शोआधी: कॉब घोडा आणि त्याच्या स्वाराचा टर्नआउट, म्हणजे सजावट आणि पेहराव

इंग्लंडमध्ये येऊन यार्डवर, म्हणजे घोड्यांच्या तबेल्यावर, कामाला लागलेले किंवा मुलीच्या हट्टापायी पोनी घेऊन बसलेले मराठी लोक मला हमखास विचारतात, "पहिल्या हॉर्स शोसाठी काय काय घ्यायचं?" माझं उत्तर ठरलेलं: आधी क्लास, म्हणजे स्पर्धेचा गट, कोणता ते सांगा, खरेदीचं मग बघू.

कारण इथले क्लास मुळात दोन घराण्यांतले. हंटर आणि दणकट, आखूड पायांचा कॉब शिकारीच्या रानातले, तर हॅक लंडनच्या हाइड पार्कात लोकांनी बघावं म्हणून फिरवायचा घोडा. एवढं डोक्यात बसलं की निम्मे नियम पाठ करावे लागत नाहीत. रानातल्या घोड्याला रुंद, सपाट चामड्याचं साधं ब्रायडल, म्हणजे डोक्यावरचा लगामाचा साज. हॅकला बारीक चामडं आणि कपाळावर रंगीत मखमली पट्टी. हंटर आणि हॅक दोघांच्याही आयाळीला वेण्या. वेल्श, डार्टमूर, एक्समूर अशा इथल्या मूळ पोनींची आयाळ मात्र मोकळीच ठेवायची. हौसेने वेण्या घातल्यात तर रिंगबाहेरूनच कुजबुज ऐकू येईल.

मी कॉबवाला, तेव्हा पुढचं सगळं कॉबचं. उंची 148 सेंटीमीटरच्या वर, 155 पर्यंत. त्याहून उंच तो मॅक्सी. 14 स्टोनपर्यंत, म्हणजे साधारण 89 किलो, वजन पेलेल तो लाइटवेट, त्यापुढचं पेलणारा हेवीवेट. पूर्वी कॉबची शेपटीही छाटत. 1949 च्या कायद्याने ते बंद झालं. आयाळ मात्र आजही पूर्ण काढतात. पायांवर झुपकेदार केस असलेला ट्रॅडिशनल कॉब हा वेगळा प्राणी आणि त्याचे क्लासही वेगळे. त्याच्यावर केस कापायचं मशीन चालवण्याआधी दहा वेळा विचार करा, ती आयाळ परत यायला वर्षं लागतात.

आयाळ काढायला दोघं हवेत. एकाने समोर उभं राहून घोड्याचं डोकं खाली घ्यायचं, म्हणजे मान ताणली जाते आणि वरच्या कडेला सुरकुती राहत नाही. दुसऱ्याने खांद्याच्या उंचवट्यापासून कानांकडे, केसांच्या उलट दिशेने मशीन न्यायचं. मधला पट्टा आधी, मग दोन्ही कडा. कानांमधला झुपकाही जातो. हे शोच्या आदल्या रात्री करू नका. दोन-चार दिवस आधी केलंत तर मशीनच्या रेघा मिसळून जातात आणि मानेची कमान नीट दिसते. सगळा खटाटोप त्या कमानीसाठीच असतो. नाकाभोवतीच्या मिशा मी काढत नाही. घोडा त्यांनी चाचपतो. एफईआय या घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने आपल्या स्पर्धांत 2021 पासून त्या कापायला बंदीच केली आहे.

खरारा रोजचाच. शोच्या सकाळी फक्त पुठ्ठ्यावर ओलसर ब्रश फिरवून लहान कंगव्याने चौकटी उमटवायच्या, खुरांना तेल लावायचं, संपलं. आपण सारंगखेड्याच्या बाजारात सजवलेले घोडे बघत वाढलेली माणसं, त्यामुळे इथला साधेपणा सुरुवातीला कंजूषपणा वाटतो. वाटू द्या.

खोगिराकडे मात्र हात आखडता घेऊ नका. कॉबच्या क्लासमध्ये जज स्वतः तुमच्या घोड्यावर बसतो, आणि तो तुमच्याहून फूटभर उंच असू शकतो. रिकिबी मोठ्या, त्यांच्या पट्ट्यांना वर-खाली भरपूर भोकं, आणि खोगिराचा पुढचा भाग सरळ कापाचा, म्हणजे घोड्याचा खांदा झाकला जात नाही. खोगिराखाली पॅड घालायचंच असेल तर खोगिराच्याच आकाराचं आणि रंगाचं. भडक चौकोनी पॅड सरावापुरतं.

स्वाराने ट्वीडचा कोट, फिक्या पिवळसर ब्रीचेस (उंच बुटांत घालायची स्वारीची पँट), साधा शर्ट, टाय पिनने दाबलेला, तपकिरी चामडी हातमोजे आणि साधी छडी घ्यावी. केस जाळीत. हॅट मापाची आणि त्या वर्षीच्या नियमपुस्तकात मान्य असलेल्या सुरक्षा मानकाची. जुन्या फोटोंतल्या बोलर हॅटच्या मोहात पडू नका. उंच बूट आणि ब्रीचेस मोठ्यांसाठी. लहान मुलांना जोधपूर पँट आणि आखूड तपकिरी बूट. हो, पँटचं नाव आपल्या राजस्थानातल्या जोधपूरवरूनच! कोट नवाच हवा असं नाही. वापरलेलं चांगलं ट्वीड बाजारात मिळतं, ते शिंप्याकडून खांद्यात बसवून घ्या. नव्या कोटाच्या फुगलेल्या बाहीपेक्षा ते कितीतरी बरं.

मोतद्दाराचे, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्या मदतनिसाचे, कपडे लोक विसरतात. जज उतरला की खोगीर काढतात, तेव्हा मोतद्दार रिंगमध्ये येतो, ओल्या फडक्याने घामाचा डाग पुसतो, त्यावर ब्रश फिरवतो, मग तुम्ही घोडा हाताने चालवून आणि दुडकीत पळवून दाखवता. त्यालाही स्वच्छ पँट, कोट आणि टोपी लागते. हुडी घालून आत आलेला भाऊ सगळ्या रांगेत उठून दिसतो.

जुलैत हिकस्टेडला रॉयल इंटरनॅशनल आणि ऑक्टोबरात बर्मिंगहॅमला हॉर्स ऑफ द इयर शो होतो. तिकीट काढून एकदा जा, पण गॅलरीत बसून राहू नका. वॉर्म-अपच्या कठड्याशी उभं राहून कॉबवाल्यांच्या रिकिबीची लांबी, तंगाची रुंदी, कोटाची बाही बघा, आणि जमलंच तर एखाद्या मोतद्दाराला त्याच्या पिशवीत काय काय आहे ते विचारा. घोडा रिंगमध्ये गेल्यावर विचारलंत तर तो बोलतो. आधी विचारलंत तर हाकलतो.