लाइफ सायन्सला येताय? हात आणि गणित, दोन्ही लागतं

एम.एस्सी.च्या पहिल्या सत्रात मी पानातून डीएनए काढला आणि जेलच्या (डीएनएचे तुकडे वेगळे करणाऱ्या जेलीसारख्या थराच्या) खाचेत भरायला गेले. पिपेटचं टोक खाचेत नीट टेकवलं, तरी निळा थेंब वर तरंगून बफरमध्ये, म्हणजे जेल ज्यात बुडवतात त्या द्रावणात, पसरला. दुसऱ्यांदा तेच. मला वाटलं, माझा हातच थरथरतोय. शेजारी उभ्या असलेल्या सीनियर ताईंनी ट्यूबचा वास घेतला नि म्हणाल्या, "अगं, अल्कोहोल राहिलंय यात. झाकण उघडं ठेवून नीट सुकू दे." हे अल्कोहोल, म्हणजे इथेनॉल, पाण्यापेक्षा हलकं, म्हणून नमुना खाचेत बसत नव्हता. सुकवून भरला तेव्हा यूव्ही प्रकाशात डीएनएचा नारिंगी पट्टा दिसला. त्या दिवशी बडोद्यात दांडिया बाजारातल्या घरी पोचेपर्यंत मी हवेत होते.

हे सांगतेय, कारण जाहिरातींत फक्त 'उज्ज्वल भविष्य' दिसतं. भविष्य आहेच! माणसाच्या जनुकसंचातली, म्हणजे पूर्ण डीएनएमधली, सुमारे 300 कोटी अक्षरं वाचण्याचा प्रकल्प 1990 ते 2003 चालला. आज एका माणसाचा जनुकसंच यंत्र एक-दोन दिवसांत वाचतं. अडतं ते वाचलेल्याचा अर्थ लावताना. म्हणून बारावीनंतर 'गणित सुटलं' म्हणून इकडे येऊ नका. सांख्यिकी शिका, पायथन किंवा आर ही प्रोग्रॅमिंगची भाषा थोडी शिका. आपल्या बडोद्याच्या वेंकी रामकृष्णन यांनी म. स. विद्यापीठातून 1971 मध्ये बी.एस्सी. केलं ते भौतिकशास्त्रात. पीएच.डी.ही त्यातच करून मग ते जीवशास्त्राकडे वळले, आणि पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमच्या रचनेसाठी 2009 चं नोबेल त्यांना मिळालं ते रसायनशास्त्राचं! विषयांच्या भिंती इथे फार टिकत नाहीत.

नोकरीचं म्हणाल, तर बडोद्याच्या आसपास औषध कंपन्या भरपूर. एम.एस्सी.वर बहुधा क्वालिटी कंट्रोलमध्ये सुरुवात होते. तिथे एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) हाताळता येणं आणि नोंदी चोख ठेवणं पाहतात. संशोधनातच राहायचं असेल तर पीएच.डी. धरून चाला, आणि घरच्यांना ती पाच-सहा वर्षं आधीच नीट समजावून सांगा. माझ्या आईला मी सांगितलं नव्हतं, त्याचं आजही वाईट वाटतं.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असाल तर जॅम आणि गॅट-बी, या एम.एस्सी. प्रवेशाच्या दोन्ही परीक्षांचे फॉर्म भरा. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या प्रयोगशाळेत महिनाभर काम मागा. बाटल्या धुवायला दिल्या तरी जा. शेजारच्या टेबलावर काय चाललंय ते बघायला मिळतं.