किडनीतल्या एन्झाइमचा फरक टेस्टोस्टेरॉनमुळेच आहे का, कसं तपासायचं

पावसाळा सुरू झाला की रत्नागिरी-चिपळूणची एमएस्सीवाली पोरं प्रोजेक्ट घेऊन येतात आणि त्यात एकजण तरी म्हणतोच, मॅडम, नर उंदराच्या किडनीत एन्झाइम जास्त आलं, म्हणजे टेस्टोस्टेरॉनचं काम ना? अरे थांबा. मीठ घातलेल्या माडाला नारळ जास्त लागले म्हणून लगेच मिठाला श्रेय देता का? मीठ बंद करून बघा, परत घालून बघा, मग बोला. इथेही तेच करायचंय.

आधी आत काय होतं ते डोक्यात बसवा. टेस्टोस्टेरॉन म्हणजे नराचं मुख्य हार्मोन, ते स्टेरॉईड आहे, पेशीच्या आवरणातून सहज आत जातं, आत अँड्रोजन रिसेप्टरला (नर हार्मोन पकडणारं प्रोटीन) चिकटतं, मग ती जोडी न्यूक्लियसमध्ये जाऊन डीएनएवरच्या ठरावीक जागी बसते आणि त्या जीनचा एमआरएनए, म्हणजे प्रोटीन बनवायला लागणारी नक्कल, वाढतो. उंदराच्या किडनीत हे मुख्यतः प्रॉक्सिमल ट्यूब्यूलमध्ये, म्हणजे गाळणीला लागून असलेल्या नळीत दिसतं. अभ्यासाला दोन एन्झाइम्स सोयीची, बीटा-ग्लुक्युरोनिडेज आणि ऑर्निथिन डीकार्बॉक्झिलेज म्हणजे ओडीसी.

आता ग्रुप. साधे नर नकोत, नुसती चीर देऊन टाके घातलेले नर हवेत, नाहीतर फरक ऑपरेशनच्या ताणाचा की हार्मोनचा हे कळणारच नाही. दुसरे वृषण काढलेले आणि नुसतं तिळाचं तेल टोचलेले, तिसरे वृषण काढून त्याच तेलात टेस्टोस्टेरॉन प्रोपिओनेट दिलेले, आणि जमलं तर चौथे त्याच्या जोडीला फ्लुटामाइड दिलेले, ते रिसेप्टर अडवतं. माद्याही घ्या, काहींना नुसतं तेल, काहींना टेस्टोस्टेरॉन. त्यांचं प्रजननाचं चक्र ४-५ दिवसांचं असतं, त्यामुळे कुठल्या टप्प्यावर होत्या ते वहीत लिहा. हे सगळं प्राणी नीतिसमितीची परवानगी आणि नोंदणी असलेलं प्राणीगृह असेल तरच, कॉलेजच्या मागच्या खोलीत अजिबात नाही.

रिसेप्टरचा सगळ्यात सुंदर पुरावा निसर्गानेच दिलाय. १९७० मध्ये मेरी लायन आणि सुसान हॉक्स यांनी टीएफएम नावाचा उंदीर मांडला, एक्स गुणसूत्रावर बिघाड, जनुकांनी नर पण अँड्रोजन रिसेप्टर कामाचाच नाही. त्याला कितीही टेस्टोस्टेरॉन द्या, किडनी ढिम्म. व्हायव्हात हे सांगितलंत तर परीक्षक खूश.

पोरं सगळ्यात जास्त फसतात ती वेळेत. सगळ्या किडन्या एकाच दिवशी काढतात आणि मग म्हणतात काही वाढलंच नाही. बीटा-ग्लुक्युरोनिडेज आळशी आहे, चढायला कित्येक दिवस घेतं. ओडीसी उलट, ते प्रोटीन तासाभराच्या आत निम्मं होतं, आणि टेस्टोस्टेरॉन त्याचा एमआरएनए तर वाढवतंच पण तयार प्रोटीनही जास्त वेळ टिकवतं, त्यामुळे एमआरएनए किती पट आणि एन्झाइम किती पट हे जुळत नाही. जुळलं नाही म्हणून घाबरू नका, तोच तर रिझल्ट आहे! म्हणून दोन्ही मोजा आणि वेगवेगळ्या दिवशी मोजा.

अजून एक गोची, टेस्टोस्टेरॉनने उंदराची किडनीच मोठी होते, पेशींची संख्या वाढण्यापेक्षा पेशी फुगतात म्हणून. मग एन्झाइम अख्ख्या किडनीमागे सांगताय की मिलिग्रॅम प्रोटीनमागे, ते स्पष्ट लिहा. पीसीआरला, म्हणजे एमआरएनए मोजताना, तुलनेसाठी एकट्या जीएपीडीएच जीनवर विसंबू नका, असे दोन-तीन रेफरन्स जीन घ्या आणि ते स्वतः हार्मोनने हलत नाहीत ना हे आधी बघा. हिशोब सोपा, दर सायकलला दुप्पट, म्हणून ३ सायकल लवकर आलं म्हणजे साधारण ८ पट जास्त.

बीटा-ग्लुक्युरोनिडेज मोजायला फिनॉलफ्थॅलीन ग्लुक्युरोनाइड घ्या. आम्लधर्मी बफरमध्ये ३७ अंशांवर ठेवायचं, शेवटी अल्कली घातली की थेट सोलकढीचा गुलाबी रंग. सोबत उकळून मारलेल्या एन्झाइमची एक नळी ठेवाच.

राहिली वाहतूक. मी एकदा मुंबईहून कोकणकन्येने बर्फात किडन्या आणल्या, रत्नागिरी येईपर्यंत डब्यात पाणी आणि आरएनएचा चुराडा. तेव्हापासून डावी किडनी काढल्या काढल्या अर्ध्या सेंटिमीटरहून बारीक तुकडे करून आरएनएलेटर या आरएनए टिकवणाऱ्या द्रवात टाकते, ते साध्या तापमानातही काही दिवस टिकतं. उजवी मात्र एन्झाइमसाठी, ती त्यात बुडवायची नाही, त्यातल्या मिठाने प्रोटीनची वाट लागते, ती तिथेच द्रव नायट्रोजनमध्ये गोठवा आणि शक्यतो तिथल्याच लॅबमध्ये मोजून या. नळ्यांवर नावं पेन्सिलीने लिहा हां, मार्कर इथल्या दमट हवेत पुसला जातो आणि मग नर कुठला मादी कुठली, बसा शोधत.