रात्री दोनला बाबा पहाऱ्यावर उभे राहतात तेव्हा घरच्यांनी काय करायचं

२०२५ च्या मे महिन्यात पाकिस्तानशी संघर्ष पेटला तेव्हा टीव्हीवर दिवसभर सायरन वाजत होते आठवतंय ना, बातमी कसलीही असो मागे भोंगा चालूच, शेवटी सरकारला चॅनलवाल्यांना सांगावं लागलं की हवाई हल्ल्याचा सायरन उगाच वाजवू नका म्हणून. आमच्याकडे तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. रात्री दोनला बाबा गॅलरीचा लाईट बंद करून ग्रिलला टेकून उभे, हातात बॅटरी, आणि मी मागून जाऊन खांद्याला हात लावला तर मनगट असं पिरगळलं की चार दिवस काळंनिळं होतं. ७६ वर्षांचा माणूस, दोन वर्षांपासून डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश, सकाळचा चहा घेतला की नाही ते आठवत नाही पण १९७१ चा डिसेंबर, बांगलादेशची लढाई, आठवतोय.

बाबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, रिटायर झाल्यावर वागळे इस्टेटला एका कंपनीत वॉचमन. लढाईबद्दल आम्हाला आयुष्यात एक अक्षर सांगितलं नाही. मेडल ट्रंकेत तळाला, वर आईच्या जुन्या साड्या. अशी घरं ठाण्यात, कळव्यात, ऐरोलीत खूप असणार, साताऱ्याकडून आलेली, म्हणून आम्ही चुका करत करत जे शिकलो ते लिहितेय.

सगळ्यात आधी लघवीची टेस्ट. हसू नका. दोन-तीन दिवसांत माणूस एकदम बदलला, भलतंच बोलायला लागला, रात्रभर जागा, तर तो डिमेन्शिया वाढला असं धरून बसायचं नाही. म्हाताऱ्या माणसांत यूरिन इन्फेक्शन, सोडियम कमी होणं, पोट साफ नसणं, नवीन सुरू केलेली गोळी, यातल्या कशानेही डिलिरियम, म्हणजे अचानक येणारा डोक्यातला गोंधळ, होतो आणि कारण सापडलं तर तो बराचसा उतरतो. डिमेन्शिया हळूहळू महिन्या-वर्षांत वाढतो, हा एकदम येतो. बाबांचं त्या वेळी निम्मं इन्फेक्शनच निघालं.

आणि केमिस्टकडून झोपेची गोळी आणून द्यायची नाही, प्लीज. डिमेन्शियात शांत करायच्या काही औषधांनी जिवाचा धोका वाढतो, आणि लेवी बॉडी नावाचा जो डिमेन्शियाचा प्रकार आहे त्यात तर हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाने माणूस लाकडासारखा ताठ होऊ शकतो. न्यूरोलॉजिस्ट किंवा सायकियाट्रिस्टला दाखवा आणि हे मिलिटरीत होते, लढाईवर होते, हे पहिल्याच वाक्यात सांगा. आम्ही सांगितलंच नव्हतं, कुणी विचारलंही नाही. सायकियाट्रिस्ट म्हटलं की आपल्याकडे लगेच "ठाण्यातच राहता, बरं आहे की" हा जोक येतो, मेंटल हॉस्पिटल इथे १९०१ पासून आहे त्यामुळे जोकही तेवढाच जुना असणार. ऐकून सोडून द्यायचं. रात्री अगदीच सुचेनासं झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट, मराठीत बोलता येतं.

हे का होतं ते थोडं समजून घ्या, म्हणजे राग कमी येतो. मेंदूत हिप्पोकॅम्पस म्हणून भाग असतो, नवीन आठवणी तिथे पक्क्या होतात, अल्झायमर या डिमेन्शियाच्या नेहमीच्या प्रकारात मार बहुतेक वेळा आधी त्यालाच बसतो. म्हणून कालचं जातं आणि विशीतलं राहतं, त्यातही भीतीने कोरलेलं जास्त. शिवाय इतकी वर्षं जे मनाने दाबून ठेवलेलं असतं ते दाबायची ताकदही कमी होते. पीटीएसडी, म्हणजे जिवावरच्या प्रसंगानंतर मनात राहून जाणारा त्रास, हे नाव डॉक्टरांच्या पुस्तकात आलं १९८० ला, बाबा त्याच्या आधीच लढून आलेले. त्यांच्या त्रासाला नावच नव्हतं, घरात त्याला "बाबांचा स्वभाव" म्हणायचे.

मग घरातले आवाज आणि उजेड बघा. बातम्या बंद, म्हणजे खरंच बंद, बाजूच्या खोलीत बारीक आवाजात पण नको. संध्याकाळी सहाच्या आत घरातले सगळे लाईट लावायचे, कारण दिवेलागणीलाच गोंधळ वाढतो, अर्धवट अंधारात खुंटीवरचा शर्ट माणूस वाटतो. कुकरची शिट्टी जेवणाच्या खूप आधी उरकायची. दिवाळी आणि दहीहंडी हे दोन दिवस ठाण्यात अवघड आहेत, तलावपाळी-नौपाड्याकडे तर विचारूच नका. आम्ही त्या वेळी चार दिवस बहिणीकडे खारघरला नेलं तर नवीन घर बघून आणखी गोंधळले, त्यामुळे आता घरीच, खिडक्या बंद, पंखा फुल, रेडिओवर भजनं आणि दुपारपासून दर तासाला सांगत राहायचं की आज दिवाळी आहे, पोरं फटाके वाजवणारेत.

जवळ कसं जायचं. मागून नाही. झोपेत असतील तर हात लावून उठवायचं नाही, पायथ्याशी उभं राहून हाक मारायची, लाईट लावून, समोर दिसेल असं. आपण मधे उभं राहून त्यांचा बाहेर पडायचा मार्ग अडवायचा नाही. कोयता, काठी, जड टॉर्च नजरेआड. दाराला वरच्या बाजूला कडी, आणि शर्टाच्या खिशात नाव-पत्ता-फोन लिहिलेलं कार्ड.

बोलायचं काय, ही खरी गोष्ट. पहिले पंधरा दिवस मी समजावत होते, बाबा लढाई संपली, ५४ वर्षं झाली, हे ठाणे आहे. ते आणखी चिडायचे, कारण ड्युटीवरच्या माणसाला तुम्ही सांगताय की तू खोटा आहेस. मग भावाने उलट टोक गाठलं, "हो हो, मी पण बघितले, तिकडे आहेत", आणि त्या रात्री बाबा झोपलेच नाहीत. वाद घालायचा नाही आणि नाटकही वाढवायचं नाही, या दोन्हीच्या मधलं काहीतरी पाहिजे. ते भीतीला उत्तर देणारं पाहिजे, बातमीला नाही. आमच्याकडे ते माझ्या मुलाला सापडलं, दहावीतला आहे, सहज म्हणाला, "आजोबा, रिलीव्हर आलाय." पलटणीत काय शब्द होता माहीत नाही पण वॉचमनच्या नोकरीत २० वर्षं रोज सकाळी तो शब्द ऐकलेला, रिलीव्हर आला की डबा उचलायचा आणि घरी. बाबांनी त्याच्याकडे नीट वरपासून खालपर्यंत बघितलं, बॅटरी त्याच्या हातात दिली आणि आत जाऊन झोपले. तुमच्या घरचा शब्द वेगळा असेल, तो त्यांच्याच बोलण्यात असतो, कान देऊन बसावं लागतं.

एक वही ठेवा. तारीख, वेळ, त्याआधी काय झालं, ते काय बोलले, त्यांच्याच शब्दांत. डॉक्टरला याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. आमच्या वहीत एक वाक्य सारखं यायचं, "एक कमी आहे." ते जेवायच्या वेळी जास्त. आम्हाला वाटायचं भास होतायत. मग आई म्हणाली, अगं हे तर लग्नापासून असंच आहे, पानं वाढली की सगळी आली का विचारल्याशिवाय घास नाही घेत. आम्ही भावंडं लहानपणी त्याला शिस्त समजून घाबरायचो, ट्यूशनहून दहा मिनिटं उशीर झाला तर मार बसलेला आहे. आणि मी स्वतः ठाणे स्टेशनला उतरले की पोरं दोनच असली तरी मोजते, हे त्या दिवशी लक्षात आलं.

मोबाईलवर रेकॉर्डिंग करायचं का? घाबरलेले, रडत असताना अजिबात नाही. दुपारी चहा झाल्यावर शांत असतील, आपणहून बोलत असतील तर विचारून करा. उकरायचं नाही. "मग पुढे काय झालं, कोण मेलं" असे प्रश्न नकोत, जेवण काय मिळायचं, बूट कसले होते, सोबत कोण होतं, इतकंच. आणि फॅमिली ग्रुपवर टाकायचं नाही, काकालोक लगेच तिरंगा लावून फॉरवर्ड करतात.

जुळवून बघायचं असेल तर ट्रंक उघडा. डिस्चार्ज बुकात पलटण, हुद्दा, तारखा मिळतात. 'पूर्वी स्टार' नावाचं मेडल असेल तर १९७१ ची पूर्व आघाडी, म्हणजे बांगलादेशकडची. बाकीच्या कागदांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, आणि मराठाचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला. बाबांचं "नदी, बैलगाडी, रस्ता अडवला" हे बरंचसं जुळलं, १ मराठा या पलटणीने ब्रह्मपुत्रा ओलांडून आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरचा मागचा रस्ता अडवला होता आणि १०-११ डिसेंबरच्या रात्री तिथे मोठी झटापट झाली. पण ते मधेच बर्फ म्हणायचे. जमालपूरला कुठला बर्फ? खूप दिवसांनी आत्याने सांगितलं की आजोबा, म्हणजे बाबांचे वडील, दुसऱ्या महायुद्धात इटलीला होते, १९४४ च्या हिवाळ्यात तिकडच्या डोंगरात, आणि दारू प्यायले की पोराला तेच सांगायचे. म्हणजे बाबांच्या डोक्यात दोन लढाया एक झाल्यात, त्यातली एक त्यांनी बघितलेलीच नाही. त्यांना दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका. वहीत बाजूला लिहून ठेवा, बस.

जो कमी आहे त्याचं नाव पण ते घेतात, आडनाव नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकात शहीद झालेल्यांची २५ हजारांवर नावं कोरलेली आहेत, भाऊ शोधायला बसला, त्या नावाचे बरेच निघाले, आम्ही तिथेच थांबलो. कुणाच्या तरी घरी फोन करून आमचे वडील डिमेन्शियात असं म्हणतायत हे सांगायचं धाडस नाही, आणि बरोबरही वाटत नाही.

शेवटचं, पाळी लावा. एकट्या आईवर किंवा एकट्या सुनेवर टाकू नका, रात्र वाटून घ्या. आमच्याकडे सोमवार ते गुरुवार मी आणि भाऊ, शुक्रवार-शनिवार मुलगा रिलीव्हर, रविवारी शेजारचे काका. आणि जेवताना आता आम्ही एक ताट जास्तीचं मांडतो, बाबा मोजतात, मान हलवतात आणि जेवायला लागतात.