परवान्याचे पिस्तूल आणि कमरेचा पट्टा: या चुका टाळा

पँट शिवायला येणारे गिऱ्हाईक पिस्तुलाची गोष्ट पहिल्या वाक्यात कधीच सांगत नाही. आधी म्हणते, पँट उजवीकडे ओढली जाते. मग म्हणते, लूप तुटला. मग शर्ट जरा लांब करून मागते. तोवर मला कळलेले असते की या माणसाकडे परवाना आहे आणि कमरेला वजन आहे. म्हापशात शिवणकाम करताना मला एकोणतीस वर्षे झाली. सराफ, काजूचे व्यापारी, पंपावरची रोकड बँकेत नेणारे, असे बरेच जण या कामासाठी येतात. हत्यार घेताना त्यांनी महिनोन्‌महिने विचार केलेला असतो; ते ज्या पट्ट्यावर टांगायचे तो मात्र लग्नात भेट आलेला असतो.

एक खूण लक्षात ठेवा. दिवसभरात हात पुन्हा पुन्हा कमरेकडे जात असेल, कधी पँट वर ओढायला, कधी होल्स्टर (पिस्तुलाचे म्यान) सरकवायला, कधी शर्ट खाली करायला, तर दोष पट्ट्यात किंवा कपड्यात आहे. अंगाला सवय होईल म्हणून वाट पाहू नका. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर अंगावरच्या होल्स्टरमध्ये किंवा पाठपिशवीसारख्या धारकात असावे लागते. ते पूर्ण झाकलेले असावे लागते आणि बाळगणाऱ्याचा त्यावर नीट ताबा असावा लागतो. यात कसूर झाली तर परवाना जाऊ शकतो. त्यामुळे शर्टाची लांबी ही हौसेची बाब उरत नाही.

पट्टा: सगळ्यात मोठी चूक इथे होते

कानपूरच्या सरकारी कारखान्यातले पॉइंट ३२ चे रिव्हॉल्व्हर सातशे ग्रॅमच्या आसपास भरते. २०१४ साली आलेले 'निर्भीक' हलके आहे, सुमारे पाचशे ग्रॅमचे. त्यात काडतुसे आणि होल्स्टर धरा. एवढे वजन कमरेच्या एकाच बाजूला लोंबते आणि साधा पट्टा तिथेच पिळतो. वरची कड बाहेर झुकते, मूठ अंगापासून सुटते आणि शर्टातून उठून दिसते. माणूस काय करतो? पट्टा आणखी एक भोक आवळतो. संध्याकाळी पोट दुखते, तरी पिस्तूल झुकलेलेच.

आवळण्याचा दुसरा त्रास लोकांच्या लक्षात येत नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या येतात, जळजळते, कधी कातडी बधिर होते. कमरेच्या हाडाजवळून मांडीच्या कातडीकडे जाणारी नस घट्ट पट्ट्याखाली दाबली गेली की असे होते. डॉक्टर त्याला मेराल्जिया पॅरेस्थेटिका म्हणतात. माझे एक गिऱ्हाईक वर्षभर कंबरदुखीची औषधे घेत होते. पट्टा बदलल्यावर त्यांच्या मुंग्या कमी झाल्या. तुम्हाला असे होत असेल तर डॉक्टरांना दाखवाच, पण पट्टा कुठे आणि किती घट्ट बांधता हेही त्यांना सांगा.

पट्टा घेताना ताठपणा दोन दिशांनी बघा. लांबीत तो कमरेभोवती सहज वळला पाहिजे. रुंदीत, म्हणजे वरची कड खालच्या कडेला टेकवायला गेलात, तर त्याने दाद देता कामा नये. चामड्याचे दोन थर चिकटवून दोन्ही कडांनी शिवलेला, चारपाच मिलिमीटर जाडीचा पट्टा हे काम करतो. चामड्याचा भुगा दाबून वर चकचकीत थर दिलेले पट्टे बाजारात फार आहेत. वजन लागले की काही महिन्यांत भोकांपाशी त्यांना भेगा पडतात. भेग पडलेला पट्टा त्याच दिवशी बाजूला काढा.

रुंदी दीड इंच धरा. सव्वा इंची पट्ट्यावर दीड इंची क्लिपचे होल्स्टर अडकवले की ते वरखाली हलत राहते. दोष होल्स्टरचा वाटतो, पण तो रुंदीच्या फरकाचा असतो. उलट, सुटाच्या पँटचे लूप बारीक असतात आणि दीड इंची पट्टा त्यांत शिरत नाही. अशा वेळी पट्टा बारीक करू नका, लूप बदलून घ्या. ते शिंप्याचे अर्ध्या तासाचे काम आहे.

भोकांतले अंतर हेही एक दुखणे. साधारण पट्ट्याला इंचा-इंचावर भोके असतात. एका भोकावर सैल, पुढच्यावर घट्ट, आणि जेवणानंतर दोन्हींवर त्रास. अर्ध्या इंचावर भोके पाडून घ्या, किंवा दात्यांवर सरकणाऱ्या बक्कलचा जाड नायलॉनचा पट्टा घ्या. गोव्याच्या घामात नायलॉन मला अधिक पसंत आहे. तो भिजतो, वाळतो आणि कुजत नाही.

मापही चुकते. पँटवर ३४ लिहिले आहे म्हणून ३४ चा पट्टा घेऊ नका. होल्स्टर पँटच्या आत घालणार असाल तर कंबर एक ते दोन इंचांनी वाढते. होल्स्टर अंगावर ठेवूनच टेपने माप घ्या आणि ते माप मधल्या भोकावर येईल असा पट्टा निवडा.

पँट: नेफा आणि लूप

आमच्याकडे उकाड्यामुळे माणसे घरी आली की बर्म्युडावर येतात, आणि 'नाक्यापर्यंतच तर जायचे आहे' म्हणून तिच्याच इलॅस्टिकमध्ये होल्स्टर खोचतात. हे करू नका. इलॅस्टिक धावताना, स्कूटरवरून उतरताना, वाकताना सुटते. ज्या कपड्याला पट्ट्याचे लूप नाहीत त्यावर हत्यार बांधायचे नाही.

लूप किती हेही मोजा. तयार पँटला पाच-सहा असतात आणि नेमके उजव्या कुशीला दोघांत मोठे अंतर पडते. होल्स्टर त्या मोकळ्या जागेत लोंबते, पट्टा तिथून खाली झुकतो. मी होल्स्टरच्या दोन्ही अंगांना एकेक जादा लूप घालतो, वर-खाली दाट टीप मारतो आणि आतून नेफ्याला कॅनव्हासची पट्टी जोडतो. नुसते बकरम घातले तर चार-सहा धुण्यांत मऊ पडते. या एवढ्या कामाने पँट ओढली जाण्याची निम्मी तक्रार मिटते, हा माझा अनुभव.

कापड सुती ड्रिल किंवा गॅबर्डिनचे घ्या. लिनन दिसायला सुरेख, पण नेफ्यात ताणले जाते आणि जिथे होल्स्टर घासते तिथे लवकर विरते. कंबर फार खाली असलेली पँट टाळा. ती कमरेच्या हाडाखाली बसते, म्हणजे वजन पेलायला हाडाचा आधारच मिळत नाही.

शर्ट: हात वर करून बघा

आरशापुढे सरळ उभे राहून शर्ट पुरतो असे ठरवणे ही नेहमीची चूक. हात वर करा, जणू कदंबच्या बसमध्ये वर पिशवी ठेवत आहात. मग बुटाची नाडी बांधायला वाका. मग खुर्चीत बसा आणि बाजूला वळा. या चारही वेळी होल्स्टरचे तळ झाकलेले राहिले तरच लांबी पुरेशी. बाहेर सोडायचा शर्ट मी पट्ट्याच्या खाली वीतभर तरी ठेवतो. तळाची कड सरळ, बाजूच्या चिरा लहान आणि दुमड जाड, म्हणजे कापडाला थोडे वजन येते. मांडवी पुलावर स्कूटर चालवताना वारा शर्ट पाठीपर्यंत उचलतो. तिथे वरून हलके जाकीट घालून पुढून बंद करणे हाच खरा उपाय.

पांढरा पातळ शर्ट पावसात भिजला की अंगाला चिकटतो आणि सगळे दाखवतो. चौकडी, फुलांची नक्षी, गडद रंग बरे. आतून सुती गंजी घालून ती पँटमध्ये खोचा, होल्स्टर आणि कातडी यांत ती राहू द्या. घामोळ्याची तक्रार त्यानेच कमी होते.

जिवावर बेतणाऱ्या चुका

हा भाग कृपया दोनदा वाचा. होल्स्टरचे पहिले काम घोड्याभोवतीची, म्हणजे गोळी सोडायला बोटाने ओढतो त्या चापाभोवतीची, कडी पूर्ण झाकणे हे आहे. कडीत बाहेरचे काही शिरता कामा नये. शर्टाची कड, जाकिटाच्या तळाची दोरी, रेनकोटच्या दोरीचा प्लास्टिकचा गोळा, यांपैकी काहीही पिस्तूल परत ठेवताना आत गेले तर घोडा ओढला जाऊ शकतो. म्हणून कमरेला वजन असलेल्या माणसाच्या जाकिटाच्या तळाच्या दोऱ्या मी कापूनच टाकतो. हत्यार परत ठेवताना दुसऱ्या हाताने शर्ट पूर्ण बाजूला धरा, खाली बघा, आणि सावकाश ठेवा. घाईचे तिथे काहीच कारण नसते.

चामड्याचे होल्स्टर जुने होऊन तोंडाशी मऊ पडले असेल तर ते टाकून द्या. त्याची दुमडलेली कड आत वळून घोड्यावर दाब देऊ शकते. खोबरेल तेल चोळून चामडे 'जिवंत' ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. होल्स्टरला ते नको, चामडे सैल पडते आणि आकार जातो. एकच होल्स्टर दोन हत्यारांना वापरू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच हत्यारे बाळगता येतात, तेव्हा दोन होल्स्टरांचा खर्च काही डोईजड नाही. रिव्हॉल्व्हरचे चक्र जिथे फुगीर असते तिथे पिस्तुलाचे होल्स्टर बसत नाही, आणि उलट केले तर पिस्तूल आत खुळखुळते.

होल्स्टरशिवाय खिशात, किल्ल्या-मोबाइलबरोबर ठेवणे, किंवा स्कूटरच्या सीटखाली ठेवून दुकानात जाणे, याला ताबा म्हणत नाहीत. पाठीच्या मधोमध बांधायची सवय असेल तर तीही सोडा. पावसात स्कूटर घसरून पाठीवर पडलात तर मणका आणि रस्ता यांच्यात लोखंड येईल.

टोचते कुठे, त्यावरून उपाय

मूठ बरगडीत रुतत असेल तर होल्स्टर उंच बसले आहे, ते क्लिपवर एक खाच खाली घ्या. कमरेच्या हाडावर दुखत असेल तर अंगठ्याएवढे मागे सरकवा. गाडीत बसल्यावरच टोचत असेल तर बहुधा सीटबेल्टच्या बक्कलची आणि होल्स्टरची जागा एकच येते. मागे-पुढे करून बघा, पण घरी, हत्यार रिकामे करून. गाडी थांबवून रस्त्याकडेला हे करू नका.

माझ्या दुकानात माप द्यायला कोणी खरे हत्यार आणले तर मी त्यांना परत पाठवतो. होल्स्टर आणा, हत्यार कुलपात ठेवा. आमच्या सुताराकडून मी फणसाच्या लाकडाचे दोन नमुने करून घेतले, एक पिस्तुलाचा, एक रिव्हॉल्व्हरचा. आत पोकळी करून शुक्रवारच्या बाजारात मिळतात ती मासेमारीच्या जाळ्याची शिशाची वजने भरली आणि तराजूवर सातशे ग्रॅम भरले. गिऱ्हाईक तो नमुना लावून दुकानात तासभर बसते, चहा घेते, जिना चढते-उतरते. कुठे टोचते ते तासाभरानंतरच कळते, पहिल्या पाच मिनिटांत सगळेच छान वाटते. तुम्हीही घरी असेच करू शकता.

(पिस्तूल आणि काडतूस हे दोन्ही शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आले. पट्टा आपलाच.)

पावसाळा

जूनमध्ये कपाटात ठेवलेला चामड्याचा पट्टा चवथीला काढला तर त्यावर पांढरी बुरशी सापडते. होल्स्टरचेही तेच, आणि त्यात हत्यार राहिले असेल तर गंजाचे ठिपके. चामडे कमावताना वापरलेली द्रव्ये आणि शोषलेला ओलावा दोन्ही लोखंडाला लागतात. घरी आल्यावर हत्यार रिकामे करा, पुसा आणि होल्स्टरबाहेर, कुलपात ठेवा. भिजलेले चामडे पंख्याखाली सावलीत वाळवा. उन्हात, इस्त्रीने किंवा चुलीजवळ वाळवलेत तर ते आकसते आणि तडकते. प्लास्टिकचे साचेबद्ध होल्स्टर पावसाला घाबरत नाही, पण मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेत तर उष्णतेने वाकडे होऊ शकते.

चवथीच्या पूजेला जमिनीवर बसायचे, सोवळे नेसायचे. त्या दिवशी कमरेला काही नको, कुलूप आहे.

निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांना हत्यारे पोलिसांकडे जमा करण्याचे आदेश निघतात आणि काही आठवड्यांनी ती परत मिळतात. त्या काळात पट्टा एका भोकावर राहून वाकलेला असतो, पोट कमी-जास्त झालेले असते, लूपची शिवण उसवलेली असते. ठाण्यातून हत्यार घेऊन थेट कामावर निघू नका. घरी या, लूप ओढून बघा, पट्टा रुंदीत वाकवून बघा, नमुना लावून तासभर वावरा. शिवण सुटली असेल तर पँट घेऊन या, दुपारपर्यंत देतो.