अध्ययन अक्षमता असलेली मुले आणि शिबिरातील ताई-दादा

मे महिन्यात मुंबईत भरणाऱ्या उन्हाळी शिबिरांत पहिल्याच दिवशी एक चूक हमखास होते: ओळख व्हावी म्हणून चिठ्ठ्या वाटल्या जातात आणि ज्याला जी चिठ्ठी येईल, ती त्याने सर्वांसमोर मोठ्याने वाचायची असते. वर्षभर वाचनाच्या तासाची धास्ती घेतलेल्या मुलाची सुट्टी तिथेच संपते. त्यामुळे चिठ्ठीवर चित्र काढावे किंवा ताईने ती स्वतः वाचून दाखवावी. ज्यांना वाचायचे असेल त्यांनीच पुढे यावे, नाव पुकारून कोणालाही उठवू नये.

अध्ययन अक्षमतेचा बुद्धीच्या कमतरतेशी संबंध नाही. डिस्लेक्सियात वाचन अडते, डिसग्राफियात लेखन आणि डिसकॅल्क्युलियात आकडेमोड. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्येही तिचा समावेश आहे. निदान करणे हे शिबिराचे काम नव्हे. नावनोंदणीच्या वेळी पालकांना इतकेच विचारावे की मूल कशाने गोंधळते आणि कशात रमते, आणि मिळालेले उत्तर इतर मुलांच्या कानावर जाऊ देऊ नये.

मराठीतून शिकणाऱ्या मुलाची अडचण नेमकी कुठे असते, हे मात्र ताई-दादांनी समजून घ्यावे. 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध' यांत गल्लत होते. ऱ्हस्व वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर. आकड्यांत तर कसोटीच लागते: 'पंचवीस' ऐकताना पाच आधी येतो, लिहिताना दोन, 'एकोणतीस' म्हटले की कानावर तीस पडतात आणि लिहायचे असतात २९. (बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' अशा धाटणीचे संख्यावाचन दिले, तेव्हा त्याची पुष्कळ थट्टा झाली, लगोरीचे गुण मोजताना या मुलांना तेच सोयीचे पडते.) घड्याळाचेही तसेच. 'पावणेबाराला परत या' असे नुसते सांगण्याऐवजी काटे कुठे आले म्हणजे परतायचे, ते घड्याळावर दाखवावे.

सहलीच्या दिवशी, मग ती राणीच्या बागेची असो वा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाची, 'बूट घाला, बाटली भरा, डबा घ्या आणि फाटकाजवळ रांग करा' अशी चार कामे एका दमात सांगितली, तर त्यांतील दोनच लक्षात राहतात आणि मूल विनाकारण बोलणी खाते. एका वेळी एकच काम सांगावे आणि ते मुलाकडून एकदा वदवून घ्यावे. 'डावीकडे वळा' यापेक्षा 'पाण्याच्या पिंपाकडे वळा' हे अधिक कळते.

अखेरच्या दिवशी अनुभव लिहून घेण्याची प्रथा असल्यास चित्राची किंवा फोनवर बोलून ध्वनिमुद्रण करण्याची मुभा सर्वांनाच द्यावी, म्हणजे कोणी वेगळे पडत नाही. आणि ज्याने लिहिले असेल, त्याच्या कागदावर शुद्धलेखनाच्या खुणा करू नयेत.